नावाड्याच्या सगुणेचा अभ्यासवसा

हातावर अक्षता घ्या, पुस्तकं मिटून पाटावर ठेवा, बोलणं थांबवा. ऐका शारदाबाई, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं. नगराला नदी आडवी होती. अलीकडं वस्ती, पलीकडं बाजार, पलीकडंच शाळा. नदीला पूल नव्हता, एक होडी होती. ती होडी राणोजी नावाडी चालवी. राणोजीला बायको नव्हती, ती देवाघरी गेली होती. एक मुलगा होता, एक मुलगी होती. मुलाचं नाव भिवा, मुलीचं नाव सगुणा.

भिवा बारावीला बसला. त्याला सगळे म्हणाले, अभ्यास कर. मास्तर म्हणाले, अभ्यास कर. बाप म्हणाला, अभ्यास कर. आल्यागेल्यानं म्हटलं, अभ्यास कर. कसा करावा, ते कोणी सांगितलं नाही. भिवा पुस्तक उघडून बसे, ओळींखाली रेघा मारी, डोळा लागला की दचकून उठे, फिरून रेघा मारी. काय वाचलंस म्हणून कोणी विचारलं नाही, त्यानं कोणाला सांगितलं नाही. मग परीक्षा झाली. मग निकाल लागला. भिवा नापास झाला.

घाटावर माणसं जमली होती. त्यांच्यादेखत राणोजी बोलला, "होडी रिकामी गेली तरी चालेल, पण तुझं तोंड तिच्यात नको." भिवानं ऐकलं. मान खाली घालून घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंथरूण घडी घातलेलं होतं. भिवा काठाकाठानं निघून गेला होता. कुठं गेला, कोणाला ठाऊक नव्हतं.

मग घर मुकं झालं. राणोजी वल्हं मारी, भाकर खाई, निजे. भिवाचं नाव घेत नसे. सगुणा तीन ताटं मांडी, मग एक उचलून ठेवी. पलीकडच्या काठावर कोणी हाक मारली, "ए होडी आणा हो," की ती हातातलं काम टाकी. दादा आला का? म्हणून ती दारात येई. कासार असे, नाहीतर बाजाराच्या बायका असत. दादा नसे.

अशी वरसं सरली. सगुणा बारावीला आली. तिनं पुस्तक उघडलं. तिला त्यात दादा दिसे. पान उलटलं, तरी दादाच दिसे. दसऱ्याच्या दिवशी ती घाटाच्या पायरीवर रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. पांढरं लुगडं, पांढरे केस, हातात काठी. म्हातारी म्हणाली, "बाळे, सणाचं रडतेस का?" सगुणा म्हणाली, "आजी, अभ्यासाला बसते आणि मन काठाकाठानं जातं. माझा दादा त्याच वाटेनं गेला. मी वाचते ते राहत नाही. मी पण नापास होईन."

म्हातारी म्हणाली, "मग तू अभ्यासाचा वसा घे." सगुणा म्हणाली, "आजी, तो वसा कसा असतो, तो मला सांगा." म्हातारी म्हणाली, "तुला गं वसा कशाला? चार माणसं शाबास म्हणतील, तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." सगुणा म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"तर ऐक," म्हातारी म्हणाली. "आज पाटीवर सरस्वती काढावी. झेंडूचं फूल वाहावं. बसायची एक जागा नेमावी. रोज सकाळी तोंड धुवून त्याच जागी बसावं, जागा बदलू नये. एक धडा घ्यावा, पाचांना हात लावू नये. तो वाचावा. पुस्तक मिटावं. आणि ज्याला तो येत नाही, त्याला तोंडानं सांगावा. सांगताना अडलं तर लाजू नये. पुस्तक उघडावं, पाहावं, फिरून सांगावं. आठवडा झाला की मागचे धडे आठवावे. वेळेवर जेवावं, वेळेवर निजावं. शेजारणीचं किती झालं ते विचारू नये. परीक्षा संपली की वशाचं उद्यापन करावं."

सगुणानं घरून पाटी आणली, पायरीवर बसून तिच्यावर सरस्वती काढली, फूल वाहिलं. मागं वळून पाहते, तो म्हातारी नाही.

मग सगुणा रोज सकाळी चुलीजवळच्या खांबाला टेकून बसे. एक धडा वाची, पुस्तक मिटी. सांगायचा कोणाला? घरात आबाच तेवढे होते. मग ती पहिल्या खेपेला होडीत बसली आणि म्हणाली, "आबा, मी धडा सांगते." राणोजी म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं?" सगुणा म्हणाली, "म्हणूनच सांगायचा."

पहिल्या दिवशी राणोजीनं पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी हूं म्हणाला. तिसऱ्या दिवशी सगुणा सांगत होती, झाडाची मुळं पाणी शोषतात, ते पाणी शेंड्यापर्यंत चढतं. राणोजी वल्हं थांबवून म्हणाला, "पाणी तर खाली वाहतं. मी जन्मभर बघतोय. वर कसं चढतं?" सगुणा अडली. तिनं पुस्तक उघडलं, पाहिलं, फिरून सांगितलं, "आबा, वरची पानं पाणी हवेत सोडतात. तिथं उणं पडतं. ते उणं खालच्या पाण्याला ओढून घेतं." राणोजी बराच वेळ काठावरच्या झाडाकडं बघत राहिला. होडी धारेला लागली, तेव्हा भानावर आला.

मग रोज तसं होऊ लागलं. बाप विचारी, लेक अडे, बघे, सांगे. एके दिवशी राणोजी म्हणाला, "हे एवढं सगळं भिवालाही होतं?" सगुणा म्हणाली, "होय आबा. एवढंच होतं." राणोजी म्हणाला, "आणि तो सांगणार कोणाला?" मग तो खाली बघून वल्हं मारू लागला. निकालानंतर भिवाचं नाव त्या घरात पहिल्यांदा निघालं होतं.

सहामाहीचा निकाल लागला. सगुणा वर्गात पहिली आली. मास्तरांनी फळ्यावर नाव लिहिलं. घाटावरच्या बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. बाजारपेठेतल्या मुलींनी तिला आपल्यात घेतलं. तिथं जाड गाईडं होती, ओळींवर फिरवायचे पिवळ्या शाईचे पेन होते. मुली म्हणाल्या, "तू हुशार. तुला गं कशाला रोजचं म्हणून दाखवणं? एक दिवस राहिला तर काय होतं?" सगुणा उतली, सगुणा मातली. एक दिवस राहिला. दुसरा राहिला. तिसराही राहिला.

राणोजी वल्हं हातात धरून वाट बघे. म्हणे, "आज काय सांगतेस?" सगुणा म्हणे, "आज वेळ नाही आबा, उद्या." पुन्हा विचारी, "आज?" ती म्हणे, "उद्या." मग त्यानं विचारणं सोडलं. पण मधल्या धारेला आला की वल्हं जरा हळू मारी, बोलली तर ऐकू यावं म्हणून.

मग सराव परीक्षा आली. सगुणानं पेपर हातात घेतला. प्रश्न ओळखीचे होते, उत्तरं परकी झाली होती. पिवळ्या शाईच्या ओळी डोळ्यांपुढं आल्या, ओळीत काय होतं ते आलं नाही. कोरी पानं देऊन ती उठली.

ती घाटावर आली. होडीत बसली नाही. काठाकाठानं जी वाट खाली जाते, त्या वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. मनात म्हणाली, दादाही आपल्या काठाला असाच उभा राहिला असेल. त्याचेही पाय असेच जड झाले असतील. त्याला मागून कोणी हाक मारली असती, तर तो वळला असता का? तिनं एक पाऊल टाकलं.

मागून हाक आली, "सगुणे!"

राणोजी होडी सोडून धावत आला होता. सगुणा म्हणाली, "आबा, मी नापास झाले. मी वसा टाकला. मी म्हटलं उद्या, आणि उद्या आलाच नाही." तिनं मान खाली घातली. आता आबा काय बोलतील? घाटावर माणसं होती, ती बघत होती. राणोजीनं तिचा हात धरला. मग तो म्हणाला, "चल. भाकर निवते आहे."

ती होडीत बसली. राणोजीनं वल्हं घेतलं, पण मारवेना. तो ढसढसा रडू लागला. म्हणाला, "एवढंच बोलायचं होतं गं मला त्याला. भाकर निवते आहे, चल. एवढंच."

घरी येऊन सगुणानं हात जोडले. "शारदाबाई, मी उतले, मी मातले, मी चुकले. आता दिवस थोडे राहिले आहेत. जेवढे आहेत तेवढे पाळीन." मग ती पुन्हा खांबाला टेकली. पुन्हा एक धडा, पुन्हा मिटलेलं पुस्तक, पुन्हा पहिली खेप. सारं आलं नाही. जे आलं ते पक्कं आलं.

आणि राणोजी आल्यागेल्याला विचारू लागला. कासार आला, त्याला म्हणाला, "कासारदादा, माझा लेक कुठं दिसला का?" कासार म्हणाला, "नाही बाबा." धनगर आला, त्याला म्हणाला, "धनगरदादा, माझा लेक कुठं दिसला का?" धनगर म्हणाला, "नाही बाबा." मग एक म्हातारी आली. पांढरं लुगडं, पांढरे केस, हातात काठी. तिलाही त्यानं तेच विचारलं. म्हातारी म्हणाली, "खालच्या अंगाला गुऱ्हाळ आहे. तिथं एक पोर चुलवाणाला जाळ घालतो. कोणाशी बोलत नाही. वरल्या अंगानं कोणी आलं की एकच विचारतो, नदीला पाणी किती आहे?"

राणोजीच्या हातून वल्हं गळालं. पण परीक्षा उंबऱ्यावर आली होती. तो म्हणाला, "सगुणे, तुला टाकून कसा जाऊ? धडा कोणाला सांगशील?" सगुणा म्हणाली, "आबा, तुम्ही जा. म्हादूकाका होडी चालवतील, त्यांना सांगेन." म्हादूकाका शेजारचे नावाडी, दोन्ही कानांनी बहिरे. पण ज्याला येत नाही त्याला सांगावा असा वसा होता. त्याला ऐकू यावं, असं काही म्हातारी म्हणाली नव्हती.

मग राणोजी गेला. सगुणानं आपल्या हातानं दही विरजलं, आपल्याच हातावर घेतलं, देवाला नमस्कार केला. होडीत बसून ती सांगे आणि म्हादूकाका मान डोलावीत. पेपर सोडवताना तिला नदी ऐकू येई. अडलं तिथं थांबे, आबांनी काय विचारलं होतं ते आठवी, मग हात चालू लागे. संध्याकाळी खालच्या वाटेकडं बघे. आबा येत नव्हते, दादा येत नव्हता.

शेवटचा पेपर झाला. मुली हसत खिदळत बाजाराला गेल्या. सगुणा घाटावर आली, पायरीवर बसली. ऊन चढलं होतं, पाणी उतरलं होतं. होडी वस्तीच्या काठाला होती. तिनं हाक मारली नाही. खालच्या वाटेकडं बघत राहिली.

होडी सुटली. वल्ह्याचा आवाज आला. तो म्हादूकाकांचा नव्हता, आबांचाही नव्हता. आबा एक वल्हं मारून थांबत, हा थांबत नव्हता. सगुणा उठून उभी राहिली. आबा होडीत नुसते बसले होते. वल्हं भिवाच्या हातात होतं. हात जाळानं काळवंडले होते, गालावर दाढी आली होती. डोळे तेच होते.

झालं होतं असं, राणोजी गुऱ्हाळावर पोचला, तेव्हा वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं विसरला होता. चुलवाणाशी उभा राहून एवढंच म्हणाला, "नदीला पाणी कमी झालंय. मला एकट्याला होडी ओढवत नाही." भिवानं हातातलं चिपाड खाली ठेवलं आणि त्याच्यामागून चालू लागला.

होडी काठाला लागली. भिवा म्हणाला, "सगुणे, पेपर कसा गेला?" ती म्हणाली, "दादा, आता काहीच आठवत नाही." मग ती हसू लागली, मग रडू लागली, आणि होडीत तिघं बसली.

यथाकाळी निकाल लागला. सगुणा पास झाली. पहिली आली नाही, पास झाली, पुढं शिकली. तिनं वशाचं उद्यापन केलं, आपली पुस्तकं हळदकुंकू लावून दादाला दिली. भिवानं वसा घेतला, तो उतला नाही, मातला नाही. दुसऱ्या वर्षी पार झाला.

शारदाबाई जशा सगुणेला पावल्या, तशा तुमच्याआमच्या लेकरांना पावोत. वाचलेलं त्यांना आठवो. न आठवलं, तर घरच्यांचा शब्द गोड होवो. ज्याचं कोणी रुसून काठाकाठानं गेलं असेल, त्याला ते परत दिसो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं सांगितली, ऐकणाऱ्यांच्या पदरात सुफळ झाली, संपूर्ण झाली.