महाराजांच्या तोंडावर फुली

महाराजांच्या तोंडावर फुली मारली गेली होती, आणि ती मारणारा मार्तंड कासार भर दरबारात उभा होता.

"हे काय आहे?" डोंबलगडचे गजशेखर महाराज गरजले आणि त्यांनी आपला नवाकोरा मोबाइल मार्तंडाच्या नाकापुढे नाचवला. पडद्यावर महाराजांचा हसरा फोटो, मिशांना पीळ, आणि वरच्या कोपऱ्यात, नेमकी उजव्या कानावर, एक इवलीशी फुली.

"सरकार, ॲप बंद करायचं बटण आहे ते. सगळ्याच ॲपना असतं..."

"सगळ्यांना असेल! मी काय सगळ्यांतला आहे?"

बापजाद्यांचा बांगड्यांचा धंदा बायकोवर टाकून मार्तंड राजवाड्यात मोबाइलचे पडदे आखायच्या नोकरीला लागला होता. 'राजदर्शन' हे ॲप त्यानेच आखलेलं. सकाळी उठून ते उघडायचं, महाराजांचं तोंड पाहायचं, मगच दुसऱ्या कामाला लागायचं, असा हुकूम होता. राजभांडार म्हणजे सरकारी ॲपचं दुकान. तिथे या ॲपला पाचपैकी पाच तारे होते. तारेही सक्तीचेच! चारच देणाऱ्याला पाचवा तारा डोळ्यांपुढे चमकवला जाई.

"पूस ती फुली! आत्ताच्या आत्ता!"

मार्तंडाने पुसली. आणि घोटाळा झाला. महाराज पडद्यावरून हलेचनात! तेवढ्यात राणीसरकारांचा फोन आला. मोबाइल ठणाणा वाजतोय, पण फोन घ्यायचं बटण महाराजांच्या फोटोमागे! महाराजांनी स्वतःचं नाक दाबून पाहिलं, कान दाबला, मिशी ओढून पाहिली. ढिम्म! राणीसरकार वाजून वाजून गप्प झाल्या. त्यांचं ते गप्प होणं दरबारात कुणालाच बरं वाटलं नाही.

"बटण हवं," महाराज घाम पुसत म्हणाले. "पण फुली नको. 'बंद' नको, 'जा' नको, 'पुरे' तर मुळीच नको!"

"शिवाय त्या शब्दात महाराजांची भरभराट दिसली पाहिजे," प्रधान भुजंगपंतांनी मध्येच तोंड घातलं. दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं ठेवायला त्यांना भारी आवडे.

"अगदी बरोबर! दाबलं की मी दिसेनासा व्हायला हवा, पण शब्द ऐकून मी फुगलो पाहिजे! सूर्य मावळायच्या आत आण, नाहीतर बायकोसकट वेशीबाहेर हो!"

मार्तंड धडपडत बाजारात गेला. त्याची बायको चिमा एका गिऱ्हाइकाच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होती.

"अगं, बांधाबांध कर. गाव सोडायचंय."

"का हो? राजाचं नाक वाकडं काढलंत वाटतं?"

त्याने सगळं सांगितलं. चिमाने गिऱ्हाइकाच्या हातातली शेवटची बांगडी सारखी केली आणि ती खुदकन हसली.

"अहो, तुम्ही एवढ्या मोठ्या पगाराची माणसं, आणि एका शब्दावर अडलात? तो तर आपल्या बाजारात रोज तोंडी असतो!" तिने त्याच्या कानात शब्द सांगितला.

मार्तंड पांढराफटक पडला. "महाराज कच्चं खातील मला!"

"खाऊ देत. मी येते ना पचवायला!"

दोघं दरबारात आली. मार्तंडाने नवं बटण बसवलं आणि मोबाइल पुढे केला. महाराजांनी वाचलं, "वाढवा."

"वाढवा? मी काय आमटी आहे?"

"दाबून तर पाहा, महाराज," चिमा म्हणाली.

महाराजांनी दाबलं. फोटो गडप!

"फसवणूक!" भुजंगपंत उसळले. "वाढवा म्हणजे मोठं करा! इथे तर महाराज नाहीसेच झाले!"

"पंत, घरी वहिनीसाहेबांची बांगडी फुटली तर त्या 'फुटली' म्हणतात का?"

"छे छे! अभद्र! वाढवली म्हणतात."

"देवापुढे नारळ?"

"वाढवतात."

"मग तो मोठा होतो?"

दरबारात खसखस पिकली. पंत मिशी चावू लागले.

"आणि फळ्या लावताना वाणी काय म्हणतो?" चिमाने सगळ्यांकडे वळून विचारलं.

"दुकान वाढवलं!" अख्खा दरबार एका सुरात ओरडला.

"म्हणजे बये," महाराजांनी डोळे वटारले, "तू मला फोडणार, आपटणार आणि वर फळ्याही लावणार?"

"नाही महाराज. बंद पडलेल्या दुकानाला कुलूप लागतं, वाढवलेलं सकाळी पुन्हा उघडतं. लोकांनी आपल्याला बंद करावं की वाढवावं, ते आपणच ठरवा!"

महाराज काही बोलणार, तोच पुन्हा राणीसरकारांचा फोन! या खेपेला बटण समोरच होतं.

"हो... हो, ऐकतोय. अहो, अडकलो होतो. कुठे म्हणजे? माझ्यातच!"

पलीकडून राणीसरकारांचं हसू सगळ्या दरबाराला ऐकू आलं. महाराजांनी आधी स्वतःचं हसू आवरायचा प्रयत्न केला, मग तेही पोट धरून हसायला लागले.

"मार्तंडा, नोकरी पक्की! आणि चिमे, तू माग काय हवं ते!"

"लोकांच्या मोबाइलवर माझ्या बांगड्यांच्या दुकानालाही एक जागा द्या. राजदर्शनाच्या अगदी खाली."

"खाली का? शेजारी घे की! मी तुला मान देतोय."

"मान नको, महाराज, खालचीच जागा हवी. सकाळी सगळं राज्य आपल्याला वाढवेल, तेव्हा आपल्या फोटोखालून पहिलं दुकान माझंच दिसेल!"

महाराज इतके हसले की मुकुट कानावर आला. तो सावरायच्या आधी त्यांनी गळ्यातला मोत्यांचा हार काढला आणि चिमाच्या ओंजळीत टाकला.