अस्वलासाठी गोळी

नांदखेड संस्थानच्या उदाजीराजांनी नवं पिस्तूल आणलं आणि दिवाण गंगाधरपंतांसमोर दोन गोळ्या ठेवल्या. "पंत, ही मऊ शिशाची, ही कठीण कवचाची. अस्वलासाठी कोणती बरी? तुम्ही एवढे विद्वान! जी निवडाल ती घेऊन उद्या तुम्हीच अस्वलासमोर उभं राहायचं."

दरबारी खुसखुसले. पंतांना दरदरून घाम फुटला. मऊ गोळी चरबीतच अडकेल, कठीण गोळी खोल जाईल. पण आपला नेम चुकला तर दोन्ही झाडातच घुसतील!

"कठीणच बरी, सरकार," ते चाचरत म्हणाले. "पण आपल्याकडे शिकारीत पहिला बार राजाचा असतो. तो आपण समोर उभं राहून काढावा. त्यानंतरही अस्वल उरलंच, तर मागे मी आहेच."

राजांनी पिस्तूल हळूच पेटीत ठेवलं.

"जाऊ द्या, पंत. बिचाऱ्या अस्वलानं आपलं काय वाकडं केलंय?"