पट्ट्याची लंगडी

धुक्यात मैदान कसं तरंगल्यागत दिसतं. तशाच एका सकाळी जमुना वळवी धावत होती, इतकी हलकी, की पाय भुईला लागतात की नाही असं वाटावं.

पण शहरातून निवड करायला आलेले कानिटकर साहेब तिच्याकडे बघतच नव्हते. तिच्या दोन्ही नडग्यांना त्यांनी पट्टे बांधले होते, त्यांत चाल मोजणारं यंत्र होतं. हातातल्या पडद्यावर बघून ते म्हणाले, "डावी ढांग आखूड पडते. जिल्ह्याच्या संघात लंगडी पोर नको."

जमुनाचे डोळे भरून आले. मैदानावर पाणी मारणारी झुंबरमावशी शेजारीच होती. ती म्हणाली, "साहेब, एकवार ह्या ओल्या मातीवरून पळू द्या तिला."

तिनं सावकाश पाणी शिंपलं. जमुना पळाली, मातीत पावलं उमटली. मावशीनं सुतळी लावून एकेक ढांग मोजली. डावी-उजवी सगळ्या सारख्या.

साहेब हसले. "मावशी, सुतळीवर विश्वास ठेवू? यंत्र खोटं बोलत नाही."

मावशीनं जमुनाच्या काटकुळ्या नडगीवरचा डावा पट्टा बोटानं ढकलला. तो सैल बांगडीसारखा गरकन फिरला.

"खरंच बोलतंय की ते! पण लंगडतोय हा पट्टा. संघातून काढायचं तर त्याला काढा."

साहेबांनी वाकून ती पावलं नीट बघितली. मग त्यांनी पट्टा सोडला आणि यादीत जमुनाचं नाव लिहिलं. तोवर धुकं विरून कोवळं ऊन आलं होतं.