हौद्यातली रोपं

"मग द्यायची तरी कुणाला?" दस्तगीर उस्तादांनी विचारलं.

"लायक माणसाला," अभिनंदन म्हणाला.

"आणि आजवर आले ते?"

अभिनंदन नुसता हसला.

जयसिंगपूरच्या बाहेर त्याचं गॅरेज. दारात ती जुनी पिकअप उभी होती, हिरवीगार, पाण्यासारखी चकाकणारी. साखर कारखान्याच्या मागच्या रानात ती सापडली, तेव्हा हौद्यातून बाभूळ उगवून वर आलेली होती. अभिनंदननं ती बाभूळ तोडली, सडलेला पत्रा ठोकून काढला, इंजिन खोलून पुन्हा बांधलं, हौद्याला सागवानी फळ्या बसवल्या. कित्येक वर्षं तो तिच्यात बुडून गेला. आता काचेवर पाटी होती, 'विकणे आहे'.

एक हॉटेलवाला आला, त्याला ती दारात शोभेला ठेवायची होती. त्याला अभिनंदननं परत पाठवलं. एका हौशी डॉक्टरांनी दार जरा जोरात लावलं, त्यांनाही परत पाठवलं. इकडे गॅरेजमधलं काम बंद पडलं होतं. लोकांच्या गाड्या अंगणात धूळ खात होत्या आणि हा दिवसभर फडकं घेऊन पिकअपभोवती फिरत होता. त्याच्या बायकोनंच उस्तादांना निरोप धाडला होता. मिरजेच्या ज्या माणसाच्या हाताखाली तो पाना धरायला शिकला, त्या माणसाचं तरी तो ऐकेल म्हणून.

"ती नर्सरीवाली मालन आलेली म्हणे?" उस्ताद म्हणाले.

"आलेली. हौदा ठेंगणा आहे, एकटीला रोपं चढवता येतील, म्हणत होती." अभिनंदनचा आवाज चढला. "उस्ताद, हिच्यात चिखल भरायचा? हिच्यात?"

उस्ताद उठले. मागच्या फळीवर पाय ठेवला आणि धुळीच्या चपलांसकट हौद्यात चढून बसले.

"उस्ताद... पुढं बसा की."

"चल."

गाडी निघाली. रस्ता खराब होता. रिकामी पिकअप खड्ड्याखड्ड्याला उडत होती आणि मागून कुठूनतरी खडखड येत होती. ही खडखड अभिनंदनला कधी सापडलीच नव्हती. सगळे बोल्ट आवळून झाले होते, रबर बदलून झालं होतं. आरशात त्याला उस्ताद दिसत होते, दोन्ही हातांनी कडेला धरून हादरे खात बसलेले.

नदीच्या वळणावर टपावर थाप पडली.

"थांब."

समोर मालन पाटोळेची नर्सरी होती. कुंपणापाशी रोपांच्या काळ्या पिशव्या मांडलेल्या, आणि मालन रस्त्याकडे डोळे लावून उभी. कुरुंदवाडचा बाजार होता आणि ठरवलेला टेम्पो आला नव्हता. ऊन चढत होतं. कोवळ्या पानांनी माना टाकायला सुरुवात केली होती.

उस्ताद वरूनच म्हणाले, "भर, मालन."

मालननं आधी अभिनंदनकडे पाहिलं. "अण्णा... चालंल?"

अभिनंदन हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

ती भरू लागली. आंब्याची कलमं, नारळ, कढीपत्ता, शेवगा. ओल्या पिशव्यांतून गढूळ पाणी सागवानी फळ्यांवर पसरलं. नारळाची एक कुंडी चढवताना घसरली आणि हिरव्या रंगावर पांढरी रेघ ओढत गेली.

मालनचा हात जागीच थांबला. अभिनंदन पुढं झाला. त्या रेघेवर त्यानं बोट ठेवलं...

उस्ताद हौद्यातून बघत होते. त्यांनी हात पुढं केला. "ती कुंडी दे इकडं. जड आहे."

अभिनंदननं बोट काढलं, वाकून कुंडी उचलली आणि वर दिली. मग दुसरी दिली. मग तिसरी.

मालन पुढं बसली. उस्ताद मागंच, रोपांच्या मधे. गाडी सुटली, आणि पहिल्याच खड्ड्याला अभिनंदन दचकला.

गाडी उडाली नाही.

भारानं स्प्रिंगचे पाटे खाली बसले होते. खड्डा आला की ती जडशीळ म्हशीसारखी शांतपणे उतरायची आणि वर यायची. इंजिनाचा आवाज खोल झाला होता. त्यानं कान दिला. मागची खडखड नव्हती.

त्यानं वेग थोडा वाढवला.

पुढं एका शेतकऱ्यानं हात करून गाडी थांबवली. अभिनंदनला सवय होती. लोक थांबवायचे, कोणत्या सालची विचारायचे, टेकून फोटो काढायचे. त्यानं काच खाली केली.

"जांभळाचं रोप हाय का?" शेतकऱ्यानं विचारलं.

गाडीकडे त्यानं बघितलंसुद्धा नव्हतं.

अभिनंदन हसायला लागला. मालनला कळेना, शेतकऱ्याला कळेना. हसता हसता त्यानं डोळे पुसले. "आहे का हो मालनताई, जांभूळ?"

"हाय की!"

कुरुंदवाडला हौदा रिकामा करायला अभिनंदनच पुढं होता. शर्टाला चिखल लागला होता. शेवटचा शेवगा खाली ठेवल्यावर त्यानं खिशातून किल्ली काढली आणि मालनच्या हातात दिली.

"सकाळी लगेच चालू होत नाही. जरा दम धरायचा. ओरडायचं नाही तिच्यावर."

मालननं किल्ली मुठीत घट्ट धरली आणि मान हलवली.

गुरुशिष्य एसटीच्या थांब्याकडे निघाले. अभिनंदनचे हात मोकळे होते. अंगणातल्या गाड्यांपैकी कुठली आधी उघडायची, याचा विचार बऱ्याच महिन्यांनी त्याच्या मनात आला होता. तरी कोपऱ्यावर पाय अडखळलाच. त्यानं मागं वळून पाहिलं.

"उस्ताद..."

"हं."

"तिथं नदीकाठची हवा आहे. पत्रा परत गंजेल हो तिचा."

उस्तादांनी त्याच्या खांद्यावरचा चिखल झटकला.

"तू तिला तरणी केलीस ना, अभ्या? आता तिला म्हातारी होऊ दे."