डाळवडे आणि तोंडाळ आत्या

डोंगरावर देवी आणि डोंगराखाली जत्रा, अशा एका गावात सखाहरी नावाचा एक वडेवाला राहत होता. एरवी तो हरभऱ्याची डाळ भरडून विकायचा. चैत्रात जत्रा भरली, की देवीच्या पायऱ्यांपाशी, करंजाच्या सावलीत डाळवड्यांचं पाल ठोकायचा. बायको येसू पाट्यावर डाळ वाटायची आणि हा कढईपाशी बसायचा. पालात कांदा नाही, लसूण नाही. कारण रोज पहिला घाणा देवीच्या नैवेद्याला जायचा, मग गिऱ्हाइकाला.

नैवेद्याचं कुणी आधी चाखत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. त्यात जत्रा उठेपर्यंत नवरा-बायकोचा कडक उपवास. म्हणजे अख्ख्या जत्रेला वडे खाऊ घालणाऱ्या या दोघांना आपला वडा कसा लागतो, हेच ठाऊक नसायचं! सखाहरीची आई होती तोवर चिंता नव्हती. मिठाचं मडकं तिच्या ताब्यात असे आणि तिचा हात तराजूसारखा. पण ती गेली, आणि गेल्या वर्षी पहिल्यांदाच दोघांनी पाल लावलं.

पहिल्या दिवशी ही गर्दी! दुसऱ्या दिवसापासून कुणी फिरकेना. कढई भर दुपारी थंड पडू लागली. पाल उतरवताना गावचे पंच आले नि म्हणाले, "सखाहरी, करंजाची सावली म्हणजे जत्रेतली सोन्यासारखी जागा. ती माश्या मारायला नाही दिलेली. पुढच्या वर्षीही कढई अशीच थंड पडली, तर ही जागा शेवचिवडेवाल्याला देऊ."

ते बोलणं सखाहरीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. आता धंदेवाईक माणसाची एक खोड असते. दुकान चालेना, की तो आधी दुकानाचं तोंड बघतो, मग शेजाऱ्याचं. आरशात बघायची पाळी सगळ्यात शेवटी.

सखाहरीनंही तेच केलं. यंदा त्यानं पालाला नवं लालभडक कापड आणलं. चिंच आणि राख लावून कढई अशी घासली, की तीत तोंड दिसावं. घाण्यावरचं ताजं शेंगदाणा तेल आणलं. करंजाच्या बुंध्याला गेरू फासला, लिंबू-मिरची टांगली आणि रंगाऱ्याकडून पाटी रंगवून घेतली : 'सुप्रसिद्ध डाळवडे.'

येसू म्हणाली, "अहो, आपण सुप्रसिद्ध कधी झालो?"

"पाटी लागली की होऊ."

इतक्यात शेजारी उसाच्या रसवाल्याची गाडी येऊन थांबली. घुंगरांचा चरक उतरवायच्या आधी त्यानं सखाहरीला मिठीच मारली. "आलास का बाबा! तुझ्या शेजारीच बसायला मिळावं, म्हणून मी देवीला नारळ बोललोय. गेल्या वर्षी माझा ऊस भर दुपारीच संपायचा!"

सखाहरीच्या काळजाला ते झोंबलं. रसवाल्याची पाठ वळताच तो पुटपुटला, "बघ, याचं चाललं आणि आपलं बसलं. यानंच काहीतरी केलंय."

"तो काय करणार? बिचारा दिवसभर चरक फिरवतो."

पण सखाहरीनं लिंबू-मिरची काढली आणि नेमकी रसवाल्याच्या बाजूला टांगली.

जत्रेच्या आदल्या दिवशी, तोरण बांधताना, सखाहरीला समोरून ठकूआत्या येताना दिसली. ही त्याच्या बापाची बहीण. मनानं लोणी, पण जीभ म्हणजे विळा. लग्नात पंगतीला बसली, तर आचाऱ्याला रडवून उठायची. गेल्या वर्षी वड्याचा एक घास घेऊन तिनं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात सखाहरीनं हात जोडले होते : "आत्या, हा देवीचा घाणा आहे. प्रसादाला नावं ठेवू नयेत." आत्यानं तोंड मिटलं होतं. तसं तर सगळ्या जत्रेनंच मिटलं होतं. लोक विकतचा वडाही प्रसाद समजून कपाळाला लावायचे, मुकाट्यानं गिळायचे आणि चालू लागायचे.

"आत्या, कसं दिसतं पाल?" सखाहरीनं विचारलं.

"नवरीसारखं. पण वडे कसे करणार आहेस?"

"गेल्या वर्षीसारखेच!"

"मग जागा आत्ताच सोड. कापड तरी नवं राहील."

"आत्या!"

"आज ना नैवेद्य ना प्रसाद, म्हणून बोलून घेते. वडे खारट होते रे, सखाहरी. एक वडा पोटात ढकलायला मला रसाचे चार पेले लागले!"

सखाहरीचे कान लाल झाले. 'आल्या वाटेनं परत जा' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण रसाचे चार पेले त्याच्या डोक्यात घुमले. त्यानं वळून पाहिलं. रसवाला गाणं गुणगुणत गेल्या वर्षीच्या दुप्पट ऊस उतरवून घेत होता.

सखाहरीनं ओठांवरचे शब्द गिळले. "येसू, पिठात मीठ कोण घालतं?"

"मी. डाळ वाटून झाली की मूठभर. नैवेद्याचं चाखता येत नाही ना, म्हणून आठवणीनं घालते."

सखाहरी पालथ्या घमेल्यावर मटकन बसला. "मीही घालतो. पीठ कढईपाशी आलं की मूठभर. चाखता येत नाही ना, म्हणून आठवणीनं."

मग येसूनं तोंडाला पदर लावला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"एक जण तरी विसराळू निघायला हवा होता!" आत्या म्हणाली.

सखाहरीनं मिठाचं मडकं उचलून येसूच्या हाती दिलं. मग कढईपुढे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, एक पाट मांडला. "आत्या, पहिला घाणा देवीचा. दुसऱ्या घाण्यातला पहिला वडा तुमचा. जे वाटेल ते मोठ्यानं बोलायचं."

"मोठ्यानं?"

"हळू बोलता येतं का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी नैवेद्य वर गेला. दुसरा घाणा निघाला. लोक लांबूनच बघत होते, गेल्या वर्षीची चव कोण विसरतं? आत्यानं वडा मोडला, तोंडात टाकला आणि ओरडली, "मीठ बरोबर! पण मिरची लाजतेय, आणि कडा अजून पांढऱ्या आहेत. तळ नीट!"

जाणारे पाय थबकले. दुकानदाराची सख्खी आत्या दुकानात बसून दुकानाची खोड काढतेय! सखाहरीनं मान खाली घालून मिरची वाढवली, जाळ नीट केला. पुढच्या घाण्याला आत्या म्हणाली, "आता कसं! हा माझ्या माहेरचा वडा!"

एक पागोटेवाले आजोबा पुढे झाले. "ही बाई खोटं बोलणारी दिसत नाही. दे बाबा मला."

मग रांग पार देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेली. जत्रा उठेपर्यंत कढई म्हणून थंड पडली नाही. शेवटी पंच स्वतः आले, एक वडा उभ्यानं खाल्ला, दुसरा बसून खाल्ला आणि म्हणाले, "शेवचिवडेवाल्याला सांगतो, दुसरीकडे बघ म्हणून."

त्याआधी पहिल्याच संध्याकाळी एक गंमत झाली. रसवाला तोंड पाडून आला. "सखाहरी, यंदा वड्यात घातलंस तरी काय? लोक खातात आणि पुन्हा वडाच मागतात!"

"मीठच. पण एकदाच."

रसवाल्यानं जीभ चावली.

"तुला गेल्या वर्षीच कळलं होतं ना?" सखाहरीनं विचारलं.

"कळलं होतं. पण प्रसादाला नावं कशी ठेवणार?"

"आणि ऊसही संपत होता," आत्या म्हणाली.

सगळे हसले, रसवालाही हसला. मग तो जाऊन रसाचा पेला घेऊन आला. "आत्या, हाही चाखा. जे असेल ते सांगा."

आत्यानं एक घोट घेतला. रांगेतल्या माणसांनी कान टवकारले.

"ऊस गोड आहे," आत्या म्हणाली, "पण विहीर जरा जास्त झाली."

दुसऱ्या दिवशी ठकूआत्यासाठी दोन पाट मांडलेले होते. एक कढईपाशी आणि एक चरकापाशी.

तात्पर्य काय, तर गप्प बसलेलं गिऱ्हाईक खूशच असतं असं नाही. तोंडावर खोट सांगणारं आपलं माणूस लाभलं, तर त्याला दारातून परत पाठवू नये. पाट मांडून पुढे बसवावं.