सलोमीचा चमचा

"अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा घ्यावा, की एकसष्ट पट्ट्यांचा पुरेल, मास्तर?"

एलिया मास्तर खाटेवर बसून चहा ढवळत होते. बोटं वाकडी झाल्यामुळे चमचा मुठीत धरावा लागे. चाळीस वर्षं त्यांनी जालन्याच्या एका चर्चमध्ये पायपेटी वाजवली होती. आता चर्चमागच्या खोलीत एकटे राहत होते.

विचारणारा शिलास उजागरे. त्यांचा जुना शिष्य. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाला, निवृत्त झाला, आणि बावीस वर्षांनी आज दारात उभा होता. हातात कागद होता.

"कुणाला वाजवायचाय कीबोर्ड?"

"मलाच. घरी."

"मग तुझ्या बोटांना विचार."

शिलास हसला नाही.

"चार दुकानं फिरलो, मास्तर. दुकानदारांना माहीत नाही तेवढं मला माहीत झालंय. पट्ट्या जड हव्यात. बोटाच्या जोरावर आवाज कमीजास्त व्हायला हवा. लोखंडी स्टँड. उंची बदलता येणारं स्टूल. पायातलं पेडल. अडॅप्टर. धुळीसाठी कव्हर. फक्त पट्ट्या किती, एवढं तुम्ही सांगा."

"धरण बांधतोयस का?"

"नीट करायचं तर सगळं लागतं."

"अजून काय आहे कागदावर?"

"हेडफोन. चांगल्यातला. कान पूर्ण झाकणारा."

मास्तरांचा चमचा थांबला.

"तो कशाला?"

"सलोमीला त्रास नको म्हणून."

सलोमी शिलासची बायको. मास्तरांच्या गायनमंडळात अकरा वर्षं गायली. तीन वर्षांपूर्वी तिचं उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली.

"कीबोर्ड ठेवणार कुठे?"

"तिच्याच खोलीत. तिच्याजवळ कुणीतरी बसावंच लागतं."

"आत्ता कोण बसलंय?"

"शेजारच्या काकू. दिवसाची बाई आज आली नाही."

"ती हाक कशी मारते?"

"डाव्या हातात चमचा दिलाय. खाटेच्या दांडीवर वाजवते."

"कसा?"

शिलासने खिशातलं पेन काढलं आणि दाराच्या कडीवर आपटलं. टण, टण, टण… टण.

"काय हवं असतं तिला?"

"पाणी. कूस बदलायची असते. कधी…"

"कधी?"

"कधी काहीच नाही. जाऊन उभा राहतो. काय गं, विचारतो. नुसती बघते. पाठ वळली की पुन्हा सुरू."

मास्तर पुन्हा चहा ढवळू लागले.

"डॉक्टर म्हणाले, आपण चमचा वाजवतोय हे तिला कळतच नसेल."

"नसेल म्हणाले, की नाही म्हणाले?"

"…नसेल म्हणाले."

शिलासने कागदाची घडी घातली. मग पुन्हा उघडली.

"मी कशात कमी केलेलं नाही, मास्तर. दिवसाची बाई ठेवली. हवेची गादी आणली. तीन वर्षांत पाठीला एक जखम नाही. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवलेली नाही."

"कुणी दाखवलं?"

…

भिंतीला लागून चर्चचा जुना कीबोर्ड होता. चर्चमध्ये उंदीर फार, म्हणून रविवार सोडून तो मास्तरांच्याच खोलीत असे. मास्तरांनी हनुवटीने खूण केली.

"चादर काढ. खिळ्याला हेडफोन टांगलाय, तो लाव. वाजवून बघ. तिला आवडायचं ते."

शिलास पत्र्याच्या ट्रंकेवर बसला. त्याने हेडफोन जोडला, कानांवर चढवला.

पंख्याची घरघर गेली. रस्त्यावरच्या रिक्षा गेल्या.

सलोमी पहिल्यांदा एकटी गायली होती, ते संध्याकाळचं गीत त्याने धरलं. बोटं अडखळली, मग त्यांना वाट सापडली. पण सूर एकमेकांत मिसळून गढूळ होऊ लागले. पायपेटी शिकलेल्या माणसाचे पाय गप्प बसत नाहीत. हवा भरायच्या जुन्या सवयीने त्याचे पाय खालच्या पेडलवर वरखाली होत होते, आणि प्रत्येक सूर लांबत होता.

मास्तरांनी काठीने पेडल बाजूला सारलं. सूर सुटे झाले. शिलासला ते कळलंही नाही. त्याचे पाय रिकाम्या फरशीवर हवा भरत राहिले.

त्याने डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

खोलीत मात्र गीत नव्हतं. प्लास्टिकवर बोटं पडत होती, तेवढाच आवाज होता. टप. टपटप. टप. शवपेटीवर ढेकळं पडतात तसा.

मास्तरांनी चहाच्या ग्लासातला चमचा काढला. मुठीत घट्ट धरला. आणि आपल्या खाटेच्या लोखंडी दांडीवर मारला.

टण, टण, टण… टण.

शिलास वाजवत होता.

टण, टण, टण… टण.

एकदा चमचा निसटून खाली पडला. मास्तर कण्हत वाकले, दोन्ही हातांत धरून त्यांनी तो उचलला आणि पुन्हा सुरुवात केली.

चार कडवी झाली. शिलासने शेवटचा सूर संपेपर्यंत पट्टीवर बोट ठेवलं. मग हेडफोन उतरवला. त्याचे डोळे ओले होते.

"तीन वर्षांत एवढं शांत कधी वाटलं नव्हतं, मास्तर."

"हं."

"आवाज बाहेर येत होता का?"

"तुझा नाही."

शिलासने मान वळवली. मास्तरांच्या मुठीत चमचा होता. खाटेच्या दांडीचा हिरवा रंग एका ठिकाणी उडाला होता. चादरीवर त्याचे कपचे पडले होते.

तो त्या जागेकडे बघत राहिला. त्याच्या घरच्या खाटेला अशीच एक जागा होती. तिथलं लोखंड आता चकाकत होतं.

"कधीपासून वाजवत होतात?"

"पहिल्या कडव्यापासून."

…

"मी ऐकलं नाही."

"हेडफोन चांगला आहे."

शिलास उठला नाही. हेडफोन त्याच्या मांडीवर होता. बराच वेळ तो त्याची मऊ गादी अंगठ्याने दाबत राहिला.

"मास्तर, गेल्या महिन्यात मी तिचा चमचा काढून घेतला."

मास्तरांनी मुठीतल्या चमच्याकडे बघितलं.

"एका दुपारपुरता. पडला असेल असं बाईला सांगितलं. माझ्याच खिशात होता. म्हटलं, दोन तास तरी डोळा लागेल."

"लागला?"

"नाही."

"का?"



"ती नखाने वाजवत राहिली."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. शिलास दचकून अर्धा उठला, आणि पुन्हा बसला.

"तेच होतं, मास्तर. तीन आणि एक. संध्याकाळी बघितलं तर नख मुळापासून उखडलं होतं. मी पट्टी बांधली. चमचा परत हातात दिला. तिने घेतला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

…

"ती दिवसभर माझ्याकडेच बघत असते. त्या एकाच वेळी बघितलं नाही."

मास्तरांनी ग्लास उचलला. चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच प्यायला.

शिलासने कागद चुरगळला.

"घेत नाही मग. राहू दे."

"घे."

"हेडफोन नको."

"हेडफोन आधी घे. पट्ट्या एकसष्ट पुरे झाल्या. तुझ्याच्याने तेवढ्याही वाजायच्या नाहीत."

"आत्ताच तर तुम्ही…"

"वायर लांब घे."

शिलास इंजिनिअर होता. त्याने चुरगळलेला कागद गुडघ्यावर सपाट केला, पेन काढलं.

"किती लांब?"

"तिच्या उशीपर्यंत पोचेल एवढी."

त्याने लिहायला घेतलं. उशीपर्यंत, एवढं लिहून पेन थांबलं. त्याने मांडीवरच्या हेडफोनकडे बघितलं. मग कीबोर्डकडे. मग पुन्हा हेडफोनकडे.

"हा तिच्या कानाला लावला, तर मला एकही सूर ऐकू येणार नाही, मास्तर. मी नुसत्या पट्ट्या बडवत बसेन."

"हो."

"मग मला काय ऐकू येईल?"

मास्तरांनी चमचा रिकाम्या ग्लासात ठेवला.

"चमचा."