अठ्ठेचाळीस मोजे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कुत्र्यांना बोलता येत होतं आणि माणसांना ते ऐकू येत होतं. आता कुत्री बोलत नाहीत असं आपण म्हणतो. खरं काय ते त्यांनाच ठाऊक.

दूर उत्तरेला एक राज्य होतं. तिथे वर्षातले आठ महिने बर्फ. नद्यांचेसुद्धा गोठून रस्ते व्हायचे. चाकाची गाडी तिथे कुणी पाहिलेली नव्हती. लाकडाच्या दोन गुळगुळीत पट्ट्यांवर बसवलेली घसरगाडी, तिला जुंपलेली बारा कुत्री आणि मागे त्या पट्ट्यांवर उभा राहून हाकणारा गाडीवान, अशी तिथली वाहतूक.

त्या राज्यात एक दरी होती आणि दरीत गरम पाण्याची कुंडं होती. बाहेर दगड फुटेल अशी थंडी पडली तरी दरीत हिरवं गवत असायचं. पण दरी एवढीशी आणि राज्य केवढं थोरलं! सगळ्यांना तिथे जागा कुठून मिळणार? म्हणून कडाक्याची थंडी सुरू होण्याआधी राजा एक शर्यत लावायचा. नऊ मुक्कामांची, आठ-दहा दिवस चालणारी. जो जिंकेल त्याच्या गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तो हिवाळा दरीत काढायचा.

शर्यतीचे नियम दोनच होते. पहिला असा, की प्रत्येकाने वाटेत एका मुक्कामावर पुरा एक दिवस आणि एक रात्र थांबायचं. त्याला मोठा विसावा म्हणत. कुठल्या मुक्कामावर थांबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरा नियम राजाच्या पणजीने घातला होता. राजवाड्याच्या वेशीपाशी पोचलं म्हणजे शर्यत संपत नसे. तिथे गाडीवानाने प्रत्येक कुत्र्याचं नाव घेऊन त्याचे आभार मानायचे, मग घंटा वाजायची. “आपल्याला कुणी आणलं हे ज्याला सांगता येत नाही, तो पोचला असं कसं म्हणायचं?” असं ती पणजी म्हणे. बाई मोठी खमकी होती.

राज्याच्या पार टोकाच्या गावात एक गाडीवान राहत होता. घरात तो, त्याची म्हातारी आई आणि बारा कुत्री. आईची छाती अधू झाली होती. मागचा हिवाळा तिने कसाबसा निभावला होता. या वर्षी वैद्यांनी गाडीवानाला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, “हा हिवाळा तिला इथे नाही निघायचा. दरीत गेली तर निघेल.”

त्या गावाने आजवर एकदाही शर्यत जिंकली नव्हती. तरी गाडीवानाने नाव दिलं. दुसरं करणार तरी काय?

आई खोकत खोकत कामाला लागली. बर्फाने कुत्र्यांचे तळवे फाटू नयेत म्हणून पायांत कातड्याचे मोजे घालतात. वाकड्या बोटांनी तिने बारा कुत्र्यांचे अठ्ठेचाळीस मोजे शिवले. निघताना मुलाच्या हाती देत म्हणाली, “लेका, मुक्कामाला पोचलास की आधी गवत अंथर, मग मोजे काढ, मग त्यांना घास दे. तुझा घास शेवटी. आणि मोजा काढताना पाय हातात घेऊन ज्याचं त्याचं नाव घे. उपकार झाले रे बाबा, म्हण. बिचारी तेवढ्यावर डोंगर ओलांडतात.”

शर्यत सुरू झाली. गाडीवानाने आईचा शब्द पाळला. गवत, मोजे, घास. “काजळ्या, उपकार झाले रे बाबा. ढेकळ्या, उपकार झाले रे बाबा.” अठ्ठेचाळीस पाय हातात घ्यायचे म्हणजे काय थोडं काम आहे? बाकीचे गाडीवान जेवून घोरायला लागले तरी याचं आपलं चालूच.

तिसऱ्या मुक्कामावरून निघायच्या वेळी सगळ्यांत पुढची कुत्री, भुरी, गवतावरून उठेचना. भुरी वयाने मोठी, अनेक हिवाळे पाहिलेली आणि तोंडाने जरा फटकळ.

“काय गं, पाय दुखतोय?” गाडीवानाने विचारलं.

“नाही.”

“मग दमलीस?”

“नाही ना, म्हणून तर बसलेय. धनी, मोठा विसावा इथेच घे.”

“इथे? अगं, अजून सहा मुक्काम जायचेत. सगळे शेवटासाठी राखून ठेवतात.”

“आणि शेवटी लंगडतात,” भुरी म्हणाली. “दमल्यावर झोपलं तर सगळी झोप दुखणं बरं करण्यातच जाते. दमायच्या आधी झोपलं तर ती पायांत उतरते.”

तहान लागल्यावर विहीर खणू नये असं आपण म्हणतो ना, तेच ती सांगत होती. त्या देशात विहिरी नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

गाडीवान थांबला. दिवसभर एकेक गाडी त्याच्या डोळ्यांदेखत पुढे गेली. प्रत्येक गाडीबरोबर त्याला वाटे, चालली आईची दरी. सगळ्यांत शेवटी थोरला गाडीवान आला. त्याने तीनदा शर्यत जिंकलेली होती, आणि माणूस मनाने चांगला, पण चेष्टेखोर. “काय गड्या, आत्ताच अंथरूण घातलंस?” तो हसून म्हणाला आणि निघून गेला.

कुत्री दिवसभर पोट वर करून झोपली. गाडीवानाने मात्र पट्टे शिवले, फाटलेले मोजे सांधले, बर्फ वितळवून दोनदा पेज शिजवली. संध्याकाळी भुरीने एक डोळा उघडला.

“धनी, तू कधी झोपणार?”

“मला काय धाड भरलीय? धावता तुम्ही. मी नुसता उभा असतो.”

भुरी त्याच्याकडे पाहत राहिली. तिने डोळा लगेच मिटला नाही.

आता गंमत पाहा. चौथ्या मुक्कामापासून गाडीवानाची कुत्री अशी धावू लागली, की जणू शर्यत आजच सुरू झाली आहे. पाचव्यावर त्याने दोघांना गाठलं, सहाव्यावर चौघांना. सातव्या मुक्कामावर थोरला गाडीवान आपला मोठा विसावा घेत बसला होता. त्याच्या कुत्र्यांचे तळवे सोलून निघाले होते, आणि तो बिचारा दिवसरात्र त्यांना चरबी चोळत होता. त्यालाही झोप माहीत नव्हती. नवव्या मुक्कामावरून गाडीवान निघाला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता. फक्त थोरल्याची गाडी मागे ठिपक्याएवढी दिसत होती.

भर दुपार होती. खाली पांढरं, वर पांढरं. उजव्या हाताला वाट होती आणि डाव्या हाताला एक गोठलेलं तळं. तळ्याच्या मध्यावर थोडी वाफ निघत होती. गाडीवानाने डोळे चोळले. वाफेत त्याची आई बसली होती. खोकला नाही, काही नाही. हात उंचावून बोलावत होती, “ये रे बाळा, ये. इथे किती ऊब आहे बघ.”

“भुरे, डावीकडे!” तो ओरडला.

भुरीने मान वळवून तळ्याकडे पाहिलं आणि ती खाली बसली. मागची अकराही बसली.

“डावीकडे म्हणतोय ना! आई बोलावतेय!” गाडीवानाने काठी उगारली. आजवर त्याने कधी काठी उगारली नव्हती.

“मार हवं तर,” भुरी म्हणाली. “तिथे आई नाही, धनी. तिथे बर्फाला भोक पडलंय, म्हणून वाफ येतेय. तू नऊ दिवस धड झोपलेला नाहीस.”

गाडीवानाने पुन्हा पाहिलं. आई होती, मग नव्हती, मग नुसतीच वाफ होती. त्याच्या हातातली काठी गळून पडली. बारा जीव घेऊन आपण कुठे चाललो होतो हे त्याला कळलं.

“आमचे अठ्ठेचाळीस मोजे काढलेस,” भुरीचा आवाज मऊ झाला. “तुझे दोन कोण काढणार होतं? झोप आता.”

“आता? वेस समोर आहे, भुरे! थोरला येईल, पुढे जाईल. मग आईचं काय?”

“तू तळ्यात गेलास तर तिचं काय?”

गाडीवान बर्फावर आडवा झाला. बारा कुत्री त्याच्याभोवती अंगाला अंग लावून बसली, आणि डोळा लागायच्या आत त्याला एकच गोष्ट कळली, की आपल्याला ऊब लागतेय.

थोड्या वेळाने थोरल्याची गाडी आली. हा पडला की काय म्हणून थोरला घाबरून खाली उतरला. याचं घोरणं ऐकून तो हसला, आपल्या गाडीवरचं अस्वलाचं कातडं काढून त्याच्या अंगावर घातलं आणि पुढे निघाला. त्याचे स्वतःचे डोळे तांबारलेले होते आणि कुत्री पावलं मोजत चालत होती.

गाडीवान उठला तेव्हा ऊन दोन हात सरकलं होतं. अंगावरचं कातडं पाहून तो काय ते समजला. हरलो, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने भुरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाट धरली. बर्फ त्याला आता स्वच्छ दिसत होता.

वेशीपाशी माणसांचा जमाव उभा होता, पण घंटा वाजलेली नव्हती. थोरला आपल्या गाडीसमोर उभा राहून नावं घेत होता. सात नावं घेतली की आठव्याला अडखळायचा. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. पाचवं नाव दोनदा घेतलं. मग त्याने चार वर्षांपूर्वी मेलेल्या कुत्र्याचे आभार मानले, आणि ते नाव कानावर पडताच त्याचं त्यालाच रडू कोसळलं. ज्यांना त्याने हाताने चरबी चोळली, त्यांची नावं त्याच्या ओठांवर येत नव्हती. जागरणाने सगळी पुसून टाकली होती.

गाडीवानाने आधी अस्वलाचं कातडं त्याच्या खांद्यावर घातलं. “दादा, तुम्ही बसा बघू.”

थोरला मटकन बसला. “माझ्याच्याने होत नाही, गड्या. तू घे तुझ्या कुत्र्यांची नावं.”

गाडीवान गुडघ्यांवर बसला. भुरीचा पाय हातात घेतला. “भुरे, उपकार झाले गं बाई.” काजळ्या, ढेकळ्या, चांदवी... एकेक मोजा निघत गेला. एक मोजा वाटेत गळाला होता, त्या पायाचे त्याने दोनदा आभार मानले. बारावं नाव घेतलं आणि घंटा वाजली. थोरल्याने सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मग तो बसल्या जागी झोपून गेला.

“माग, आणखी काही हवं असेल तर,” राजा खूश होऊन म्हणाला.

“महाराज, या दादांनी मला पांघरूण दिलं,” गाडीवान म्हणाला. “त्यांच्या गावच्या म्हाताऱ्यांनाही आमच्याबरोबर दरीत येऊ द्या. दाटीवाटीने राहू.”

राजाने मान डोलावली.

आठवड्याने गाडीवान आईला घसरगाडीत बसवून दरीत घेऊन आला. कुंडाच्या काठावर तिने पहिल्यांदा छातीभर श्वास घेतला. सगळी हकीकत तिने ऐकून घेतली, तळ्यासकट. मग कपाळावर हात मारून म्हणाली, “सगळं सांगितलं, पण तू झोप हे सांगायचं राहिलं बघ! तेही सांगावं लागतं असं वाटलंच नाही मला.”

ती वाकली. वाकड्या बोटांनी तिने त्याच्या पायांतला एक मोजा काढला, मग दुसरा. त्याचे थकलेले पाय तिने हातात धरले.

“उपकार झाले रे बाबा,” ती म्हणाली.

भुरी जवळच गवतावर पडली होती. तिने दोन्ही डोळे मिटून घेतले.

अशी ही शर्यत वेशीपासून दरीपर्यंत पोचली. तिचं सार एवढंच: सोबत्यांना विसावा देणाऱ्याने स्वतःही विसावावं, कारण ज्यांनी आपल्याला आणलं त्यांची नावं जागरणाने थकलेल्याच्या ओठांवर येत नाहीत.